नदीच्या वरच्या गावाचा फोन नंबर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात हिमालयातल्या वितळत्या हिमनद्यांवरचा लेख वाचला. लेख चांगलाच आहे. फक्त शेवटी ‘संबंधित देशांनी परस्पर सहकार्य वाढवायला हवे’ असं एक वाक्य टाकून लेखक मोकळे झाले. हे सहकार्य दिसतं कसं, ते मी थोडंफार पाहिलं आहे, म्हणून हे पत्र.

मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. आमच्या भागात दुष्काळाने पिढ्यान्‌पिढ्या पोरांना घराबाहेर काढलं आणि आम्ही गलाईच्या धंद्यात शिरलो. सोनारांची मोड, म्हणजे जुने दागिने, वितळवायची, तेजाबात (आम्लात) शुद्ध करायची, टंच, म्हणजे सोन्याचा कस, काढून द्यायचा. भारतात असं शहर सापडायचं नाही जिथे आमच्याकडचा गलाईवाला नाही. माझ्या वाट्याला बिहारचा सीतामढी जिल्हा आला. सुरसंडच्या बाजारात 1989 पासून तीस वर्षं मूस (सोनं वितळवायचं भांडं) आणि भट्टी सांभाळली, आता मुलगा सांभाळतो. तिथून नेपाळची हद्द हाकेच्या अंतरावर. भिट्ठामोडला कमानीखालून पलीकडे गेलं की जलेश्वर, पुढे जनकपूर. पासपोर्ट लागत नाही. लग्नं जमतात, उधाऱ्या चालतात, माझी निम्मी गिऱ्हाइकं पलीकडची.

तिथे रातू नावाची एक नदी आहे. उन्हाळ्यात बघाल तर आपली येरळा बरी म्हणाल, नुसती वाळू. पण ती नेपाळातल्या चुरे डोंगरातून येते. हिमालयाच्या पायथ्याची ही रांग म्हणजे भुसभुशीत माती आणि गोटे. वर ढग फुटला की काही तासांत तीच नदी गढूळ भिंत होऊन खाली येते, आणि खाली सुरसंडात तर स्वच्छ ऊन पडलेलं असतं. पाणी आल्यावरच पाणी आलं हे कळायचं. एकदा रात्रीत दुकानात गुडघाभर पाणी शिरलं. तेजाबाचे कॅन जमिनीवर होते. त्यातला एक आडवा झाला असता तर काय झालं असतं, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. मुशी भिजल्या. पंधरा दिवस उन्हात वाळवल्या, तरी भट्टीत ठेवल्यावर दोन तडकल्या. एकीत एका सोनाराचं साडेचार तोळे होतं. ते राखेतून वेचून काढायला दोन दिवस गेले.

पूर आला की सगळं बिहार एकच वाक्य बोलतं, ‘नेपाल ने पानी छोड़ दिया.’ मीही बोलायचो. नंतर कळलं की रातूसारख्या नदीवर सोडायला धरणच नाही. मोठ्या कोसी नदीवर बॅरेज आहे, पण त्याचे 56 दरवाजे 1954 च्या करारानुसार बिहार सरकारचं जलसंपदा खातंच चालवतं. म्हणजे शिव्या नेपाळला आणि चाव्या आपल्याकडे! तीस वर्षांत हे मला एकाही पुढाऱ्याने सांगितलं नाही. सांगितलं ते भिट्ठामोडच्या एका सोनाराने, चहा पिता पिता.

आता मुद्द्याचं. काठमांडूत ‘इसीमोड’ नावाची संस्था आहे. 1983 साली स्थापन झाली. अफगाणिस्तानपासून म्यानमारपर्यंत हिमालय-हिंदुकुशातले आठ देश तिचे सदस्य. त्यात भारत, चीन आणि पाकिस्तान तिघेही आहेत. या संस्थेने स्थानिक लोकांना हाताशी धरून रातूवर एक साधी व्यवस्था बसवली. वरच्या बाजूला नदीकाठी पाण्याची पातळी ओळखणारं यंत्र, आणि जवळच्या घरात भोंगा वाजवणारी एक पेटी. पेटी वाजली की त्या घरच्या माणसाने खालच्या गावाला फोन करायचा, त्यांनी आणखी खालच्या, आणि शेवटचा फोन हद्द ओलांडून बिहारात. बस, एवढंच. नेपाळच्या नंबरावरून भारतात बोलायचं तर आयएसडीचा दर. पण सीमेवरच्या लोकांनी त्यावर कधीच तोड काढली आहे. टॉवर पोचतो तिथवर भारतीय सिम, नाहीतर व्हॉट्सॲप.

ऑगस्ट 2017 च्या मोठ्या पुरात मला तसाच एक फोन आला. सरकारी नव्हे, त्याच सोनाराचा. ‘पाटीलजी, ऊपर से खबर है, सामान उठाइए.’ त्याला भिट्ठामोडात कळलं होतं, भिट्ठामोडला वरच्या गावातून. मी आधी तेजाबाचे कॅन माळ्यावर चढवले, मग मुशी, मग वजनकाटा, शेवटी गादी. पाणी संध्याकाळी आलं. गल्लीत उधई लागलेला एक दरवाजा वाहून आला तो माझ्या पायरीला अडला, पण दुकानातली एक मूस भिजली नाही. त्या वर्षी बिहारात शेकड्यांनी माणसं गेली. सगळीकडे फोन पोचला नव्हता.

आणि फोनची गरज वाढतच चालली आहे. सप्टेंबर 2024 च्या शेवटी नेपाळात तीन दिवस असा पाऊस पडला की काठमांडू बुडालं आणि दोनशेहून अधिक माणसं दगावली. हवामानबदलामुळे तो पाऊस सुमारे दहा टक्क्यांनी अधिक तीव्र झाला, असं शास्त्रज्ञांनी नंतर काढलं. त्याच दिवसांत कोसी बॅरेजवर 6 लाख 61 हजार क्युसेक पाणी आलं, 1968 नंतरचं सर्वांत जास्त. आमच्या जिल्ह्यात बेलसंडकडे बागमतीचा बांध फुटला.

आता नदीच्या काठाने वर वर हिमालयात चढत जा, म्हणजे ही फोनची साखळी कुठे तुटते ते दिसेल. 8 जुलै 2025 ला नेपाळ-तिबेट सीमेवर रसुवागढीचा मैत्री पूल पहाटे वाहून गेला. कैलास-मानसरोवरला जाणारे आपले अनेक मराठी यात्रेकरू तिबेटातल्या केरुंगमार्गे याच पुलावरून जात असत. पाऊस तर फारसा नव्हताच. तिबेटात हिमनदीच्या पाठीवर साठलेलं एक तळं रिकामं झालं होतं. माणसं गेली, वीजप्रकल्पाचं नुकसान झालं, चीनमधून आलेल्या नव्या गाड्या वाहून गेल्या. वरून खाली फोन करणारं कोणी नव्हतं.

करता येत नाही असं मात्र नाही. 2004 मध्ये तिबेटात पारेछू नदी दरड कोसळून अडली आणि तळं तयार झालं. चीनने कळवलं. पुढच्या जूनमध्ये ते फुटलं तेव्हा हिमाचलात सतलजकाठी पूल आणि रस्ते गेले, पण काठची माणसं आधीच हलवलेली होती. पुढे काय झालं? सतलजच्या पाण्याची माहिती देण्याचा चीनबरोबरचा करार 2020 मध्ये संपला, ब्रह्मपुत्रेचा 2023 मध्ये. उलट ऑगस्ट 2025 मध्ये, सिंधू करार स्थगित असतानाही, तावी नदीला पूर येतोय हे भारताने पाकिस्तानला उच्चायुक्तालयामार्फत कळवलंच. ते मला फार आवडलं. भांडण भांडणाच्या जागी.

सांगलीकरांना हे पटवून द्यायला नको. ‘आयर्विनला किती झालं?’ हे आमचं पावसाळ्यातलं रामराम. 2019 ला आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आणि तेव्हापासून कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती, हे पोरासोरांना पाठ आहे. दोन राज्यांत हा आकडा वेळेवर पोचावा म्हणून किती आरडाओरडा करावा लागला! तिकडे तर दोन देश आहेत, कुठे तीन.

मे 2025 मध्ये काठमांडूत ‘सगरमाथा संवाद’ ही हवामानबदल आणि पर्वतांवरची परिषद झाली. आपले केंद्रीय पर्यावरणमंत्रीही गेले होते. भाषणं होऊ द्यात. माझं मागणं त्याहून बारीक आहे. पेटीची बॅटरी कोण बदलणार, पेटी सांभाळणाऱ्या माणसाला महिन्याला चार पैसे कोण देणार, आणि तो आजारी पडला तर पुढचा नंबर कोणाचा, एवढं दोन्ही सरकारांनी लिहून ठेवावं. प्रकल्पाचे पैसे संपले की पेटी बंद, असं होऊ नये.

दुसरं मागणं आमच्याच लोकांकडे. विट्यात दिवाळीला गलाईवाले गावी येतात, भेटीगाठी होतात. रक्सौल, जयनगर, जोगबनी, जिथे जिथे सीमेवर आपली भट्टी आहे, त्यांनी आपला नंबर पलीकडच्या गावाला देऊन ठेवावा आणि पलीकडचा आपल्या गल्लीत. खर्च शून्य.

मुलाला मी गेल्या आठवड्यात विचारलं, वरच्या सोनाराचा नंबर बदलला का रे? म्हणाला, बदलला, नवा भिंतीवर खडूने लिहिलाय. पुसला जाईल म्हणून ऑइलपेंटने लिही असं सांगितलं आहे.

आपला,
एक गलाई व्यावसायिक
ता. खानापूर, जि. सांगली