विषय: नॉनस्टिक तव्याचे कोटिंग सुटणे व वॉरंटी नाकारणे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय / महोदया,

गेल्या दिवाळीत घेतलेल्या तुमच्या डोसा तव्याचं कोटिंग सुटतंय, अशी तक्रार मी केली होती. 'धातूचं उलथणं व आंबट पदार्थ वापरल्याने नुकसान. वॉरंटी लागू नाही,' असं तुमचं उत्तर आलं. तवा न बघता दिलेलं हे उत्तर मला मान्य नाही.

उलथण्याने चरे पडतात. माझ्या तव्यावर चरा नाही, मध्यभागी फोड आलेत. एकाला नख लावलं तर उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तसा अख्खा पापुद्रा हातात आला. त्याची वरची बाजू धड आहे आणि खालचं अॅल्युमिनियम गुळगुळीत, चकचकीत. खोट इथेच आहे. पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन नावाने ओळखलं जाणारं नॉनस्टिक कोटिंग, कशालाच चिकटत नाही, म्हणून तर ते तव्यावर लावतात; पण मग ते धातूलाही आपणहून धरत नाही. त्यासाठी आधी बारीक कणांचा मारा करून धातू खरखरीत करायचा, त्यावर प्रायमर म्हणजे पकड देणारा पहिला थर, मग वरचा थर, आणि शेवटी भट्टीत भाजायचं. माझ्या तव्याचा धातू खरखरीत केलाच नसावा, असं दिसतं.

आंबट पदार्थांचं म्हणाल, तर डोशाचं पीठ आंबवलेलंच असतं! कार्बन-फ्लोरिनचा बंध इतका पक्का असतो की जहाल आम्लंही पीटीएफईचं काही बिघडवत नाहीत, तिथे माझ्या आंबोळ्या काय करणार? पीठ धातूपर्यंत पोचलंच असेल, तर थरात बारीक छिद्रं होती, आणि ती माझ्या स्वयंपाकघरात पडलेली नाहीत.

आता तुमची माहितीपुस्तिका. तीत लिहिलंय, 'मोठ्या आचेवर तवा चांगला तापवून घ्यावा.' पीटीएफई साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंतच वापरायचं असतं. ३५० च्या पुढे ते विघटित होऊन विषारी वाफा सोडतं. पिंजऱ्यातले पक्षी त्याने मरतात, माणसाला तापासारखी लक्षणं येतात. मोठ्या गॅसवरचा रिकामा तवा तिथवर काही मिनिटांत जाऊ शकतो. लोखंडी तव्याची सूचना इथे जशीच्या तशी छापली की काय?

खोक्यावर 'पीएफओए-फ्री, १०० टक्के केमिकल-फ्री' असंही आहे. पीएफओए हे पूर्वी असं कोटिंग बनवताना वापरलं जाणारं रसायन. २०१९ मध्ये ते घातक, टिकाऊ रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. ते नाही हे उत्तमच. पण वरचा थर पीटीएफई या फ्लोरिनयुक्त पॉलिमरचाच आहे, मग 'केमिकल-फ्री' कसं?

मला बदली तवा नको, पूर्ण पैसे परत हवेत. तवा तुमच्या माणसाने घरी येऊन बघावा, नाकारायचं तर कारण लेखी द्यावं, आणि पुस्तिकेतली ती सूचना काढावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार करीन. पापुद्रा मी पाकिटात जपून ठेवला आहे.

आपली,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, तव्याचे फोटो, तुमच्या ईमेलची प्रत