शेवटचा बोल्ट आवळल्यानंतरचं काय?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गाडीचा सायलेन्सर घरीच कसा बदलावा, यावरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख सोपा आहे, आकृत्या चांगल्या आहेत आणि हे काम मेकॅनिकशिवाय होऊ शकतं हे लेखकाचं मूळ म्हणणं मला मान्य आहे. मी स्वतः ते केलंय. पण लेख शेवटचा बोल्ट आवळला की संपतो. मला जे काही शहाणपण आलं ते त्या बोल्टानंतर आलं, म्हणून हे पत्र.

त्याआधी एक गोष्ट. 'गाडी जॅकवर घ्या आणि खाली शिरा', असं लेखात एका वाक्यात उरकलं आहे. या वाक्याने माझी झोप उडाली. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. हायड्रॉलिक जॅकमधला एक सील फाटला की दाब जातो आणि टनभर लोखंड खाली बसतं. त्यात हे काम गंजलेले बोल्ट हिसके देऊन सोडवण्याचं, म्हणजे खाली पडल्या पडल्या गाडी हलवण्याचंच. गाडी सपाट, कडक जमिनीवर हवी. जमिनीवर टेकलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे हवेत. आणि गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी जॅक स्टँड लावून सगळं वजन त्यांच्यावर उतरवायला हवं. विटांवर तर मुळीच नाही, वीट आधी कुरकुरत नाही, एकदम फुटते. स्टँड लावल्यावर मी गाडीला खांद्याने जोरात ढकलून बघतो. पडायची असेल तर मी बाहेर असताना पडू दे.

जुना पाइप काढण्याबद्दल लेखात बरंच आहे, त्यात थोडीच भर घालतो. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री बोल्टांवर मारून ठेवावं, ऐनवेळी मारून दोन मिनिटांत काही होत नाही. गोटी पाना सहा कोनांचा घ्यावा, बारा कोनांचा गंजक्या बोल्टाची डोकी गोल करतो. पाइप ज्यांच्यावर लटकतो त्या रबरी हँगरना साबणाचं पाणी लावलं की ते सटकतात. लेखात इंजिन ऑइल सुचवलंय, पण खनिज तेलाने रबर फुगतं आणि सैल पडतं. पाइप पूर्ण थंड झाल्याशिवाय हात लावू नये, हे सांगायची गरज नसावी. पण माझ्या मनगटावरचा डाग सांगतो की असते.

आता लेखातली सरळसरळ चूक. 'एकेक जोड पूर्ण आवळून पुढे जा', असं लेखक म्हणतात. असं केलं की पहिल्या जोडातला अर्ध्या अंशाचा तिरपेपणा शेवटच्या टोकाला बोटभर होतो आणि मागचं तोंड बंपरला टेकतं. सगळे भाग आधी सैल जोडून रबरांवर लटकवायचे, पाइप कुठे काय घासतोय ते बघायचं, फिरवून जागेवर आणायचं आणि मग इंजिनाच्या बाजूने सुरुवात करून मागे मागे आवळत जायचं. जागा किती सोडायची याचंही गणित आहे. गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये सर्रास वापरलं जाणारं 304 जातीचं स्टेनलेस स्टील तापलं की चांगलंच वाढतं. दोन मीटर लांबीचा पाइप 300 अंशांनी तापला तर साधारण 10 मिलिमीटर लांब होतो. थंड असताना जो पाइप ब्रेकच्या नळीपासून पाच मिलिमीटर लांब दिसतो, तो चालत्या गाडीत कुठे असेल? कंपनी पाइप कडक न बांधता रबरावर लटकवते, त्यामागे थरथर शोषण्याइतकंच हे वाढणंही आहे.

आणि शेवटचा बोल्ट आवळला. माझी गोष्ट इथून सुरू होते.

मी जोडातली जुनी गॅस्केट, म्हणजे दोन पाइपांच्या मधे बसून गळती रोखणारी चकती, परत वापरली होती. बरी दिसत होती, म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली तर खालून बारीक 'चक् चक् चक्' ऐकू आलं. पाच मिनिटांत थांबलं. मला वाटलं, बसलं जागेवर. प्रत्यक्षात गरम होऊन लोखंड फुगलं, फट अरुंद झाली आणि आवाज बुजला होता; गळती होतीच. आठवडाभर आई मागच्या सीटवर बसली की डोकं दुखतंय म्हणायची. आम्ही म्हणालो, गाडी लागत असेल. तिला आयुष्यात कधी गाडी लागली नव्हती, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी या त्याच्या पहिल्या खुणा, आणि गुंगी आलेल्या माणसाला आपल्याला गुंगी आलीय हे कळत नाही. आईची डोकेदुखी त्यानेच होती हे मी सिद्ध करू शकत नाही. गॅस्केट बदलल्यावर ती थांबली, एवढंच सांगतो.

तपासणी सोपी आहे, आणि नेमकी तीच लेखात नाही. गाडी उघड्यावर आणायची. गॅरेजचं दार उघडं आहे एवढ्यावर भागत नाही. इंजिन थंड असतानाच सुरू करायचं. एकाने जाड हातमोजे घालून मागच्या तोंडाशी चिंधीचा बोळा क्षणभर धरायचा, दुसऱ्याने प्रत्येक जोडाशी कान द्यायचा. गळती असेल तर फुसफुस ऐकू येते. जोडांवर साबणाचं पाणी मारलं तर बुडबुडे दिसतात. पहिल्यांदा सुरू केल्यावर थोडा धूर आणि तेलकट वास येतो, तो कारखान्यातून लागून आलेल्या तेलाचा, त्याला घाबरू नये. साधारण शंभर किलोमीटर चालवून, पूर्ण थंड करून सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत. तापण्या-निवण्याने ते हमखास थोडे ढिले होतात.

पाइपात धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो; गळती त्याच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला असेल तर आणखी एक गंमत होते. धूर सलग येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो, आणि दोन धक्क्यांच्या मधे फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त झाला, इंधन कमी पडतंय. मग गाडीतला संगणक इंधन वाढवतो. मायलेज उतरतं आणि माणूस पेट्रोलला शिव्या देतो.

आता आवाज. गळती गेली तरी माझी गाडी लांबच्या प्रवासात असह्यच होती. उभी असताना रेस केली की गोड, भरदार आवाज. महामार्गावर मात्र कवटीत भुंगा शिरल्यासारखं. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला 2400 फेरे म्हणजे सेकंदाला 80 स्फोट, आणि मी एका वेगाने जात राहिलो की तासन् तास तोच 80 हर्ट्झचा घुमारा. सरळ नळीचे सायलेन्सर आतल्या काचतंतूंच्या भरणात आवाज जिरवतात. ते कर्कश, वरच्या पट्टीचे आवाज छान गिळतात, खर्जाचे फारसे नाही. मूळ पाइपात मधे जो फुगीर डबा असतो, तो रेझोनेटर, तो बहुधा याच घुमाऱ्यासाठी मापून बसवलेला असतो. माझ्या नव्या संचात तो नव्हता. वजन कमी होतं म्हणून मी त्यावर खूषही होतो! तीन आठवड्यांनी तोंड पाडून डबा परत बसवला. विक्रेते जे आवाजाचे व्हिडिओ दाखवतात ते उभ्या गाडीचे, बाहेरून घेतलेले असतात. आपल्याला मात्र आत बसायचं असतं.

'आवाज फक्त सहा डेसिबलने वाढतो' हे लेखातलं 'फक्त' खटकलं. डेसिबल साध्या बेरजेने चालत नाहीत. तीन वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट, सहा वाढले की चौपट, दहा वाढले की दसपट. कानाला दहाची वाढ साधारण दुप्पट वाटते हे खरं, पण म्हणून सहा म्हणजे किरकोळ नव्हे, विशेषतः पहाटे साडेपाचला शेजाऱ्याच्या खिडकीखाली. उभ्या गाडीचा आवाज मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे: माइक पाइपाच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, 45 अंशांच्या कोनात. फोनवरचं ॲप नेमका आकडा देणार नाही, पण जुना पाइप असताना एकदा आणि नवा बसवल्यावर एकदा, त्याच जागी, तेवढ्याच फेऱ्यांवर मोजलं तर फरक तरी कळतो.

ताकदीबद्दल फार लिहीत नाही. टर्बो नसलेल्या साध्या इंजिनात फक्त मागचा भाग बदलून मिळणारी ताकद सीटवर बसून जाणवणं कठीण. पाइप गरजेपेक्षा रुंद घेतला तर धुराचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवरची ओढ उलट घटते.

राहिलं लेखातलं शेवटून दुसरं वाक्य: 'हवं असल्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढून सरळ पाइप टाकता येईल.' हे छापायला नको होतं. कन्व्हर्टर म्हणजे धुरातले घातक वायू निकामी करणारा पाइपातला डबा. फ्रान्समध्ये जन्मलेले यूजीन हौड्री या अभियंत्याने अमेरिकेत 1950च्या दशकात गाड्यांसाठी कन्व्हर्टर विकसित केला, पण त्या काळच्या पेट्रोलमधलं शिसं त्याच्या आतला थर निकामी करायचं. शिसंविरहित पेट्रोल येऊ लागलं तेव्हा कुठे 1975च्या मॉडेलपासून तो तिथल्या गाड्यांत सर्रास बसू लागला. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंच्या पातळ थरावर आजच्या पेट्रोल गाडीतला कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइड यांची विल्हेवाट लागते. पाइपातला हा एकच भाग आपल्यासाठी नसून मागच्या माणसांसाठी आहे. तो काढणं बहुतेक देशांत बेकायदा आहे, ते वेगळंच.

लेख वाचून या सुट्टीत कुणीतरी पाने घेऊन बसलेलं असणार. तेव्हा जॅक स्टँड, जोड आवळण्याचा क्रम आणि कन्व्हर्टरचं ते वाक्य, या तिन्हींबद्दलचा खुलासा पुढच्या रविवारची वाट न पाहता छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक