हस्तांदोलनाने बाजू सोडली जात नाही

भारत-पाकिस्तानच्या महिला क्रिकेटपटूंनी हस्तांदोलन टाळणेच योग्य, असे मांडणारा लेख वाचला, पटला नाही. कोरिया १९१० ते १९४५ जपानच्या अमलाखाली होता, ती कटुता आजही आहे. तरीही २०१८च्या प्याँगचांग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ५०० मीटर स्पीड स्केटिंगचे सुवर्ण जिंकल्यावर जपानच्या नाओ कोदाइराने घरच्या प्रेक्षकांसमोर हरून रडणाऱ्या दक्षिण कोरियाच्या ली सांग-ह्वाला मिठी मारली. कॅमेऱ्यांसाठी नव्हे, पूर्वी सोलमध्ये लीला हरवून कोदाइरा घाईने विमानतळावर निघाली, तेव्हा टॅक्सीचे पैसे लीनेच भरले होते. आणि या मिठीने कोरियाने आपली बाजू सोडली नाही; त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने युद्धकाळातील वेठबिगारीबद्दल जपानी कंपनीला भरपाईचा आदेश दिलाच.

– एक वाचक, सातारा