युरोपात ट्रेन कुठे, गाडी कुठे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेपरात युरोपवर लेख येतात ते मी आवर्जून वाचते, पण बहुतेक लेखांचा सूर ठरलेला असतो, एकतर युरेल पास (अनेक देशांत चालणारा ट्रेनचा पास) काढा आणि सगळं ट्रेननेच करा, नाहीतर गाडी भाड्याने घ्या आणि मनसोक्त फिरा. तीन-चार देश करणाऱ्या कुटुंबाला दोन्ही सल्ले महागात पडतात. दोन्ही गोष्टी मिळून वापरायच्या असतात आणि कुठे काय वापरायचं ते घरूनच ठरवून निघायचं असतं, यावर फारसं कुणी लिहित नाही म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी लोकांना हे सांगायला हवं की एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडली तर भाड्याच्या वर वन-वे चार्ज लागतो आणि तो कित्येकदा काही शे युरो असतो, म्हणजे म्युनिकला घेतली आणि रोमला सोडली तर भाड्यापेक्षा हा चार्जच जास्त व्हायचा. त्यामुळे बॉर्डर शक्यतो ट्रेनने ओलांडा. म्युनिक ते साल्झबर्ग पावणेदोन तास, तिथून व्हिएन्ना अडीच तासांच्या आत, आणि ट्रेन सोडते ती थेट शहरात. बायर्न तिकिटावर, म्हणजे जर्मनीच्या बव्हेरिया राज्याच्या एक दिवसाच्या तिकिटावर, पाच जणांपर्यंतचा ग्रुप साल्झबर्गपर्यंत जाऊ शकतो, फक्त लोकल आणि रिजनल गाड्यांनी जायचं आणि वर्किंग डेला सकाळी नऊनंतर निघायचं. पास काढणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की फ्रान्सची टीजीव्ही किंवा इटलीची फ्रेच्चारोसा अशी वेगवान ट्रेन असेल तर पास असूनही सीट रिझर्व्हेशनचे वेगळे पैसे द्यावे लागतात.

मग गाडी कशाला? तर जिथे बस दिवसातून मोजक्याच आहेत तिथे. इटलीच्या टस्कनीतला वाल दोर्चा हा भाग घ्या, पिएन्झा, मॉन्तालचिनो ही गावं आणि मधले रस्ते, वाटेल तिथे थांबता आलं पाहिजे तरच मजा. आईवडील बरोबर असतील तर गाडीचा आधार फारच मोठा, सामान उचलायला नको, प्लॅटफॉर्म बदलायला नकोत. पण यासाठी गाडी पूर्ण ट्रिपभर नको, तेवढे दोन-चार दिवसच घ्या, त्याच देशात घ्या आणि त्याच देशात परत करा.

इटलीत गाडी घेणाऱ्यांना माझी अगदी कळकळीची विनंती आहे, झेडटीएल, म्हणजे गाड्यांना मर्यादित प्रवेश असलेला भाग, नीट समजून घ्या. फ्लॉरेन्स, पिसा, रोम अशा शहरांच्या जुन्या भागात परवानगी नसलेल्या गाड्यांना बंदी असते, तिथे पोलीस उभा नसतो, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, आणि परदेशात राहणाऱ्याला दंडाची नोटीस पाठवायला त्यांच्या कायद्यात 360 दिवसांची मुदत आहे. म्हणजे ट्रिपचे फोटो बघून विसरून गेल्यावर नोटीस येते, आणि त्याआधीच भाड्याची कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याचा स्वतःचा चार्ज कार्डवरून कापून मोकळी झालेली असते! फ्लॉरेन्समध्ये यावर सोपा उपाय आहे, शहर पायी बघा, मग स्टेशनजवळून ट्राम पकडून विमानतळावर जा (वीसेक मिनिटं लागतात), गाडी तिथूनच घ्या आणि तिथेच परत द्या, शहरात चाक घालायचंच नाही. व्हेनिसला तर गाडी शहराच्या तोंडाशी असलेल्या पियाझ्झाले रोमा चौकाच्या पुढे जातच नाही, नुसतं पार्किंगचं भाडं भरत बसायचं.

स्वित्झर्लंडमध्ये माझ्या मते गाडी घेऊच नये. स्विस ट्रॅव्हल पासवर ट्रेन, पोस्टाची पिवळी बस आणि सरोवरातली बोट सगळं एकाच तिकिटात होतं, आणि झरमॅट, वेंगेन, म्यूरेन इथे तशीही गाडी चालत नाही, झरमॅटला जायचं तर टेश गावात गाडी लावून पुढे ट्रेनच धरावी लागते. तरी कुणाला गाडी हवीच असेल आणि जिनिव्हा किंवा बाझल विमानतळावर घ्यायची असेल तर बुकिंग बघून करा, दोन्हीकडे स्विस बाजू आणि फ्रेंच बाजू वेगळी आहे. फ्रेंच बाजूच्या गाडीवर स्विस हायवेचा विन्येट, म्हणजे टोलचा स्टिकर, सहसा नसतो. तो 40 फ्रँकचा, वर्षभराचाच मिळतो, मग तुम्ही एक दिवस जा नाहीतर महिना. ऑस्ट्रियात मात्र एक दिवसाचा आणि दहा दिवसांचाही मिळतो, पण इटलीकडे जाताना ब्रेनर घाटाच्या रस्त्याचा टोल त्यात धरत नाहीत, तो वेगळा. जर्मनीत कारला टोल नाही.

बाकी बारीकसारीक पण अडवणाऱ्या गोष्टी म्हणजे भाड्याच्या कंपन्यांच्या शहरातल्या बऱ्याच शाखा शनिवारी दुपारी बंद होतात आणि रविवारी उघडत नाहीत, डिपॉझिटसाठी ड्रायव्हरच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, ऑटोमॅटिक गाडी हवी तर आधीच मागावी लागते. लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परमिट न्याच. आणि गाडी दुसऱ्या देशात न्यायची असेल तर कुठल्या देशांना परवानगी आहे ते बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या, परवानगी नसलेल्या देशात गाडीला काही झालं तर इन्शुरन्स हात वर करतो.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही, जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या बऱ्याच गावांत किंवा स्वित्झर्लंडच्या तिचिनोमध्ये मुक्काम केला की हॉटेलवाले गेस्ट कार्ड देतात आणि त्यावर तिथली बस-ट्रेन फुकट असते, लक्झेंबर्गमध्ये तर 2020 पासून सगळ्यांनाच फुकट आहे, फक्त ट्रेनचा फर्स्ट क्लास सोडून. अशा ठिकाणी उभ्या गाडीचं भाडं भरण्यात काय अर्थ आहे? पुढच्या उन्हाळ्याआधी पुरवणीत कृपया एकदा देशवार तक्ता छापा, विन्येट कुठे लागतो, गाडीबंद भाग कुठले आणि गेस्ट कार्ड कुठे मिळतं, एवढं जरी दिलंत तरी बुकिंग करायला बसलेल्या खूप जणांचं काम होईल.

आपली,
एक नियमित वाचक