कडा घासू नका

संपादक महोदय,

गेल्या रविवारी पुण्याजवळच्या एका गडावर (नाव मुद्दाम लिहीत नाही) पावसाळ्याआधीची स्वच्छता मोहीम चालू होती. तटात रुजलेले पिंपळ-उंबर काढत होते, ते योग्यच. त्यांची मुळं चिरे फोडतात. पण त्याच उत्साहात शेजारचा नैसर्गिक कडाही तारेच्या ब्रशने खरवडला जात होता. खाली पडलेला एक वाळका पुंजका उचलला, तर एक मुलगा म्हणाला, ‘‘काका, मेलंय ते, टाका.’’

घरी येऊन तो वाटीभर पाण्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर मुठीसारखी मिटलेली पानं पंख्यासारखी उघडलेली, हिरवी! ती मयूरशिखा. उन्हाळाभर मेल्याचं सोंग घेऊन कपारीत बसणारा नेचा, म्हणजे फर्न.

मयूरशिखा दुर्मिळ नाही. पण मे महिन्यात ती आणि एखादा खरोखर दुर्मिळ नेचा ब्रशवाल्याला सारखेच दिसणार. नेच्याला ना फूल ना फळ. ओळख पटते ती बरीचशी पानाच्या पाठीवरून. हंसराज या नेच्याचे बीजाणू (ज्यांच्यापासून तो पसरतो ते धुळीसारखे कण) पानाच्या दुमडलेल्या कडेखाली असतात, एस्प्लेनियम या दुसऱ्या नेच्याचे तिरप्या रेघांत. त्यासाठी झाड उपटावं लागत नाही. पानाच्या दोन्ही बाजूंचे आणि देठाच्या बुडाचे फोटो, शेजारी मापाला रुपयाचं नाणं, एवढ्यावर जाणकाराला पुष्कळ कळतं. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं केंद्र तर १९५५ पासून आपल्याच गावात आहे.

शेवाळ खरवडण्यानेही नुकसान होतं. बीजाणूपासून थेट नेचा उगवत नाही. आधी नखाहून लहान, बदामाच्या आकाराची हिरवी चकती तयार होते आणि तिच्यावर पाण्याचा थर असेल तरच फलन होतं. पाझराजवळचं ओलं शेवाळ हीच तिची जागा.

आणि कुठे वेगळा नेचा सापडलाच, तर जागा फेसबुकवर टाकू नका. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये नेचे जमवायचं वेड लागलं होतं. कड्यांवरचा वुडसिया इल्व्हेन्सिस नावाचा नेचा हौशी लोकांनी इतका ओरबाडला की १९९९ मध्ये एडिंबराच्या वनस्पती उद्यानाला तो बीजाणूंपासून वाढवून पुन्हा डोंगरात लावायला घ्यावा लागला.

मोहीमवाल्यांना एवढंच सांगणं, की आठवडाभर आधी वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकांना गडावर न्या. राखायच्या कपारींवर ते खडूने खुणा करतील. ब्रश तटापुरताच ठेवा.

– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे