माउस बाजूला ठेवून आभासी संग्रहालय पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संग्रहालये घरबसल्या पाहता येऊ लागली, हे चांगलेच झाले. मात्र अनेक दिव्यांग वाचक माउसऐवजी कळफलकावरच फिरतात. म्हणून 360 अंशांत फिरणारी दालने तयार करणाऱ्यांनी एकदा माउस बाजूला ठेवावा आणि फक्त टॅब, एंटर व एस्केप या कळांवर आपलेच संग्रहालय फिरून पाहावे. अनेकदा पहिल्या दालनातच गाडी अडते.

ही दालने बहुधा ब्राउझरमधल्या 'कॅनव्हास'वर, म्हणजे एकसंध चित्राच्या चौकटीत, रंगवलेली असतात. त्यातला बाण किंवा वस्तूवरचा ठिपका डोळ्यांना बटण वाटला, तरी एनव्हीडीए किंवा टॉकबॅकसारख्या स्क्रीन रीडरच्या (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या) लेखी तिथे काहीच नसते. म्हणून प्रत्येक ठिपक्याला खरे एचटीएमएल बटण जोडावे आणि त्याला 'पुढे' असे मोघम नव्हे, तर 'नाण्यांच्या दालनात जा' असे नाव द्यावे. दालन बदलताच फोकस, म्हणजे कळफलकाची सध्याची जागा, नव्या शीर्षकावर गेला पाहिजे. हे राहून गेले, की बटण दाबूनही काही ऐकू येत नाही आणि माणूस पुन्हा पानाच्या सुरुवातीला फेकला जातो. हात थरथरत असेल तर चित्र धरून ओढणे जमत नाही, त्यामुळे सोबत 'डावीकडे', 'उजवीकडे' अशी बटणे हवीत. डब्ल्यूसीएजी 2.2 या संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठीच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत ओढण्याला असा पर्याय देण्याची अट आहे; दाबण्याची जागाही सर्वसाधारणपणे किमान 24 बाय 24 पिक्सेल सांगितली आहे. आमच्या मते 44 ठेवावी.

तरीही फिरत्या दालनाची डागडुजी नंतरची. आधी साधी यादी हवी: दालने, त्यांखाली वस्तू, प्रत्येक वस्तूचे स्वतंत्र पान. त्रिमितीय देखावा याच माहितीवर उभा करावा. 'दिव्यांगांसाठी वेगळे पान' हा प्रकार टाळावा. मूळ पान बदलत राहते आणि वेगळे पान जुनेच राहते.

खरे कष्ट वर्णनात आहेत. ते दोन थरांत लिहावे. एक-दोन वाक्यांत वस्तू काय आहे ते, आणि हवे असल्यास उघडणारे सविस्तर वर्णन: साहित्य, उंची-रुंदी, मग वरून खाली किंवा डावीकडून उजवीकडे असा एकच क्रम. मूर्तीचा कोणता हात तुटला आहे, हातात काय आहे, नजर कुठे आहे, हे लिहावे. 'अप्रतिम कोरीवकाम' लिहून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. स्वयंचलित तपासणीत चित्राला वर्णन आहे की नाही एवढेच कळते. तिथे फाइलचा क्रमांक लिहिला असला, तरी ती बहुधा 'उत्तीर्ण' म्हणते.

मराठी पानांची आणखी एक गोची. पानाच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी नोंदलेली राहिली, तर देवनागरी मजकूर स्क्रीन रीडरच्या इंग्रजी आवाजाकडे जातो आणि तो अडखळतो किंवा गप्प बसतो. भाषा 'एमआर' (मराठीचा संकेत) नोंदवणे हे मिनिटभराचे काम. माहितीफलकाचे छायाचित्र टाकून भागवू नये; मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान 4.5 ला 1 हवा. सोनेरीवर पांढरे, हा संग्रहालयांचा लाडका रंगमेळ, इथेच नापास होतो.

चित्रफितींवर बोलणे लिहून दाखवणाऱ्या ओळी (कॅप्शन) हव्यात, आणि त्यांत घंटेचा नाद, गर्दीचा गलबला अशा आवाजांचीही नोंद हवी. कॅमेरा आपोआप फिरत असेल तर थांबवण्याचे बटण सुरुवातीलाच द्यावे. काहींना त्या हालचालीने भोवळ येते.

पानाच्या कोपऱ्यात चिकटवली जाणारी तयार 'सुगम्यता पट्टी' अक्षरे मोठी करते, पण कॅनव्हासमधली मूर्ती कशी दिसते ते तिला कुठून कळणार? तो पैसा अंध, कर्णबधिर आणि हालचालींवर मर्यादा असलेल्या परीक्षकांच्या मानधनावर खर्चावा. त्यांना 'अमुक नाणे शोधा, त्याची माहिती ऐका, परत या' अशी ठरावीक कामे द्यावीत आणि ती कुठे अडतात ते टिपावे. संकेतस्थळ खुले करण्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे, पहिले दालन तयार होताच.

आपले,
सुगम्य संकेतस्थळांवर काम करणारे काही वाचक