पहिली वॉर्निंग आधी वाचायला लावलीत, त्याबद्दल

आदरणीय सर,

स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळी वाचणारा आमचा सी प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीच्या चुकीच्या जागेला हात लावल्याची एरर) देऊन बंद पडत होता आणि सगळ्यांची नजर पार्सिंगच्या (ओळीचे तुकडे करण्याच्या) लूपवर होती. तुम्ही मात्र आधी कंपायलरचं संपूर्ण आउटपुट मागितलंत, तेही डब्ल्यू-ऑल आणि डब्ल्यू-एक्स्ट्रा हे जास्तीच्या वॉर्निंग दाखवणारे दोन्ही फ्लॅग लावून. त्याबद्दल मनापासून आभार. हाच प्रश्न पुढे ज्यांना पडेल त्यांनाही उपयोग व्हावा, म्हणून पत्र जाहीर लिहीत आहोत.

सगळ्यात वरची वॉर्निंग होती स्ट्रटॉक-आर या ओळ तोडणाऱ्या फंक्शनच्या इम्प्लिसिट डिक्लेरेशनची, म्हणजे ते आधी जाहीर न होताच वापरल्याची. ते जाहीर करणारं स्ट्रिंग डॉट एच हे हेडर इन्क्लूड असूनही! कारण तुम्ही लगेच ओळखलंत: कंपाइल करताना सी भाषेचं स्टँडर्ड म्हणून सी९९ दिलं होतं. स्ट्रटॉक-आर पॉसिक्सचं (युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या स्टँडर्डचं) आहे, सी९९ स्टँडर्डचं नाही, त्यामुळे काटेकोर सी९९ मध्ये ग्लिबसी या सी लायब्ररीचं हेडर ते दाखवतच नाही. डिक्लेरेशन सापडलं नाही की जुना जीसीसी कंपायलर धरून चालतो की फंक्शन इंट (पूर्णांक) परत करतं. ६४ बिटच्या नेहमीच्या मशीनवर पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ८ बाइटचा आणि इंट ४ बाइटचा. पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळतो आणि तो पॉइंटर वापरायला जाताच प्रोग्राम कोसळतो.

इंटीजरपासून कास्टशिवाय (प्रकार मुद्दाम बदलतोय असं न लिहिता) पॉइंटर बनतोय, ही खालची वॉर्निंगही त्यातूनच आलेली. तिथे कास्ट टाकून ती गप्प करू नका, हे तुम्ही ठासून सांगितलंत आणि आमच्या मते संपूर्ण उत्तरातलं सर्वांत मोलाचं वाक्य तेच. कास्टने वॉर्निंगचा मजकूर बदलतो, गेलेले ४ बाइट परत येत नाहीत. उपाय एका ओळीचा निघाला: सी९९ ऐवजी जीएनयू९९ हे कमी काटेकोर स्टँडर्ड. किंवा हेडरने ते फंक्शन दाखवावं म्हणून पहिल्या इन्क्लूडच्या आधी पॉसिक्स-सी-सोर्सचा मॅक्रो २००८०९एल असा डिफाइन करायचा. जीसीसी १४ पासून सी९९ आणि पुढच्या स्टँडर्डमध्ये ही वॉर्निंग थेट एरर झाली आहे, हे फार बरं झालं.

तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. ‘१२,,४५’ अशा ओळीतून स्ट्रटॉक-आर दोनच तुकडे देतं, कारण लागोपाठचे स्वल्पविराम ते एकच धरतं. मधला रिकामा रकाना गायब होतो आणि यावर कंपायलर चकार शब्द काढत नाही. शिवाय ते मूळ स्ट्रिंगमध्येच शून्य बाइट लिहितं, म्हणून स्ट्रिंग लिटरलवर (कोडमध्ये थेट लिहिलेल्या मजकुरावर) चालवणं धोक्याचं. तुम्ही सुचवलेला स्ट्रसीस्पॅनचा मार्ग दोन्ही अडचणी टाळतो: स्वल्पविरामापर्यंतची लांबी मोजायची, रकाना घ्यायचा, स्वल्पविराम ओलांडून पुढे जायचं.

मजकुराचा आकडा करण्यासाठी एटॉय या फंक्शनच्या जागी स्ट्रटॉल सुचवलंत, तेही पटलं. एटॉयला ‘०’ आणि ‘अबक’ यांतला फरक सांगता येत नाही. स्ट्रटॉलमध्ये आधी एररनो (एररचा क्रमांक ठेवणारा व्हेरिएबल) शून्य करायचा, मग एंड पॉइंटर (वाचन कुठे थांबलं ते दाखवणारा) पाहायचा: तो सुरुवातीलाच अडकला तर अंक नाहीत, रकान्याच्या शेवटापर्यंत पोचला नाही तर मागे कचरा आहे आणि एररनोत ई-रेंज आलं तर आकडा लाँग या पूर्णांक प्रकारात मावत नाही.

तपासणीसाठी तुम्ही पाठवलेल्या ओळी (रिकामी, नुसत्या स्वल्पविरामांची, शेवटी कॅरेज रिटर्न असलेली, बफरपेक्षा लांब) आम्ही टेस्टमध्ये कायमच्या ठेवल्या आहेत.

आपले कृतज्ञ,
या पार्सरवर काम करणारे सर्वजण